शाळेत सांगितलेली गोष्ट मुलांच्या आरोग्यासाठी काय करू शकते?

दिवाळीनंतरच्या एका सकाळी एक आजी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "डॉक्टर साहेब, पोरीचं पोट दुखते जी रोज सकाळी. काहून दुखते, काही समजत नाही. एकदा सोनोग्राफी करूनच टाका."

सोनोग्राफी आधीच दोनदा झाली होती. रक्त, लघवी, शौच, सगळ्या तपासण्या ठीक. हिमोग्लोबिन ११, म्हणजे थोडं कमी, पण त्याने पोट दुखत नाही. जंताचं औषध देऊन झालं होतं. रविवारी मात्र पोट दुखत नव्हतं. त्यामुळे घरच्यांनी ठरवलं होतं की पोरगी शाळा बुडवायला नाटक करते.

इथे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. असं दुखणं खोटं नसतं. आपल्या आतड्यांचं आणि मेंदूचं मज्जातंतूंमधून सतत बोलणं चालू असतं. मूल घाबरलेलं असलं की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवणार नाही इतकी साधी हालचालही दुखल्यासारखी जाणवते. मोठ्या माणसालाही परीक्षेच्या किंवा कोर्टाच्या तारखेच्या दिवशी दोनदा संडासला जावं लागतं, तसंच हे. फरक एवढाच की मोठा माणूस म्हणतो, "मला टेन्शन आलंय." नऊ वर्षांच्या मुलीकडे तो शब्द नसतो, तिच्याकडे फक्त पोट असतं.

तिला कशाची भीती वाटते हे मला माझ्या खोलीत काढता आलं नाही. मी विचारलं, तिने मान हलवली, आजींनी मध्येच उत्तर दिलं. संपलं. ते समजलं तीन आठवड्यांनी, तिच्या शाळेतल्या बाईंकडून.

दप्तरातले दगड

बाई शनिवारी वर्गात गोष्ट सांगतात. त्या दिवशीची गोष्ट त्यांनी स्वतःच रचलेली होती. एक मुलगा असतो. कुणाला सांगता न येणारी गोष्ट मनात आली की तो रस्त्यावरचा एक दगड उचलून दप्तरात टाकतो. दप्तर जड होत जातं. मित्र हसतात, सर रागावतात, तो कुणाला दप्तर उघडू देत नाही. एक दिवस त्याची आजी म्हणते, "सगळे नको काढू, एकच काढून दाखव." तो एक दगड काढतो आणि त्या दगडाची गोष्ट सांगतो. आजी रागवत नाही. एवढीच गोष्ट.

गोष्ट संपल्यावर बाईंनी "यातून काय बोध घेतला?" असं विचारलं नाही. कागद दिले आणि हवं ते काढा म्हणाल्या. या मुलीने दप्तर काढलंच नाही. तिने एक मुलगी काढली आणि तिच्या पोटात दगड काढले. बाईंनी चित्र वर्गात दाखवलं नाही. सुट्टीत तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "एकच सांग."

सोयाबीन पावसात गेलं होतं. वडील दोन महिन्यांपासून कुणाशी बोलत नव्हते, रात्री अंगणात बसून राहायचे. त्यांच्याच गल्लीतल्या एका घरात आधीच्या वर्षी शेतकऱ्याची आत्महत्या झाली होती. आपण शाळेत गेलो तर बाबांकडे कोण लक्ष देईल, ही त्या मुलीची भीती होती. रविवारी ती घरीच असायची, म्हणून रविवारी पोट दुखत नव्हतं.

बाईंनी आईला बोलावलं, आईने मला सांगितलं, आणि आम्ही वडिलांना "बीपी तपासायला" म्हणून बोलावून घेतलं. त्यांना नैराश्य होतं, झोप आणि भूक दोन्ही गेलेली. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार सुरू झाले. मुलीचं पोट लगेच थांबलं नाही, दोनेक महिने गेले. अजूनही कधीतरी दुखतं. पण ती शाळेत जाते.

अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम या पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरला हे चित्र अनोळखी नाही. कर्जाचं बोलणं रात्री घरात होतं आणि मूल झोपलंय असं सगळ्यांना वाटतं.

गोष्टीने परिणाम होतो, याला काही आधार आहे का?

मी एमबीबीएस आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि एका मुलीवरून नियम काढू नये हे मलाही कळतं. म्हणून थोडं अभ्यासांबद्दल.

चीनच्या हुनान प्रांतात ३८ शाळांमधल्या ९ ते १० वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. तो २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. सुरुवातीला सगळ्या मुलांना जंताची गोळी दिली. मग निम्म्या शाळांत १२ मिनिटांची कार्टून गोष्ट दाखवली. त्यात एका मुलाला असा जादूचा चष्मा मिळतो, ज्यातून मातीत, हातावर, न धुतलेल्या भाजीवर जंतांची अंडी दिसतात. बाकीच्या शाळांत नेहमीचं आरोग्याचं पोस्टर लावलं. वर्षअखेरीस पोस्टरच्या शाळांत ८.४ टक्के मुलांना पुन्हा जंत झाले होते, गोष्टीच्या शाळांत ४.१ टक्के, म्हणजे निम्मे. संडासनंतर हात धुणाऱ्या मुलांचं प्रमाण एकीकडे सुमारे ५४ टक्के, दुसरीकडे जवळपास ९९.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक म्हणजे तिथे फक्त व्हिडिओ लावून शिक्षक निघून गेले नव्हते. वर्गात चर्चा झाली, मुलांनी चित्रं काढली, निबंध लिहिले. दुसरी म्हणजे असाच प्रयोग नंतर फिलिपिन्समध्ये केला, तेव्हा मुलांची माहिती आणि सवयी सुधारल्या, पण एकूण जंतांचं प्रमाण तसं घटलं नाही. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. गोष्ट नळाला पाणी आणू शकत नाही. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याला साबणाचा फेसही धड येत नाही. तिथे "हात धुवा" सांगण्याआधी शाळेतली टाकी गोड्या पाण्याने भरलेली आहे का, हे बघायला हवं. आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी घ्यायचीच आहे. गोष्ट त्या गोळीची जागा घेत नाही.

मनाच्या बाजूने बघायचं तर ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागातल्या ८१ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. काही मुलांना अर्धा तास गोष्ट सांगितली, काहींना तेवढाच वेळ कोडी घातली. दोन्ही गटांना बरं वाटलं. पण गोष्टीच्या गटात ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल जास्त उतरलं, आपुलकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन जास्त वाढलं, आणि मुलांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं.

आपल्याकडे हे नवीन नाही

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते अस्सल वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. आरोग्यशिक्षणाच्या आजच्या प्रशिक्षणात आम्हाला जे "संवादी पद्धत" म्हणून शिकवतात, ते हेच. बालशिक्षणाचं मोठं काम करणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करू लागल्या. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक गोंगाट करणारा वर्ग छडीने नाही, गोष्टीने ताब्यात आणतो.

अलीकडचं सांगायचं तर कोरोनात शाळा बंद असताना, नोव्हेंबर २०२० पासून, महाराष्ट्रात 'गोष्टींचा शनिवार' सुरू झाला. दर शनिवारी प्रथम बुक्सची एक गोष्ट मुलांपर्यंत मोबाइलवर पोहोचायची. २०२४ मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. त्यात श्वासाचे व्यायाम, नातेसंबंध हाताळणं, मोबाइलचा योग्य वापर असे विषय आहेत. म्हणजे शाळेला वेगळी परवानगी काढायची गरज नाही, तास आधीच आहे. काही शाळांत तो गणिताला जातो, ही वेगळी गोष्ट.

कोणती गोष्ट चांगली?

'लांडगा आला रे आला' आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खोटं बोललं की लांडगा खातो. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर ही गोष्ट वापरून बघितली. ती ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. खरं बोलल्याबद्दल वडिलांनी ज्याचं कौतुक केलं, त्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. आरोग्याच्या गोष्टींनाही मी हेच लावतो. "दात न घासणाऱ्या बंडूचे सगळे दात पडले" यापेक्षा "दात दुखत होता, बंडूने आईला सांगितलं, मग काय झालं" ही गोष्ट बरी.

ससा-कासव चालतील, पण दुसऱ्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांनी माणसांची गोष्ट ऐकल्यावर आपले स्टिकर जास्त वाटून दिले, तीच गोष्ट प्राण्यांची करून सांगितली तेव्हा नाही. गोष्टीतलं पोरगं शक्यतो आपल्यासारखं असावं. त्याच्या घरी कापूस असावा, मार्चमध्ये शाळा सकाळची होत असावी, पाण्याची बाटली संपत असावी. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे मुलं घरी कोरकू बोलतात. तिथे पहिली-दुसरीत भीतीची किंवा दुखण्याची गोष्ट पुस्तकी मराठीत सांगितली तर ती भाषेतच अडकते. वरच्या वर्गातल्या मुलीला सोबत घेऊन ती कोरकूत सांगावी.

काही गोष्टी मी टाळा म्हणेन. जाड्या मुलाची टिंगल असलेली. "शूर मुलं रडत नाहीत" सांगणारी. ('श्यामची आई' वाचून बघा, त्यात मुलगा किती वेळा रडतो.) आणि जिच्यात डॉक्टर सुई घेऊन येतो ती तर नकोच. "जेव, नाहीतर डॉक्टर काका टोचतील" ही महाराष्ट्रातली सगळ्यात छोटी भयकथा आहे आणि तिचे परिणाम मी रोज भोगतो. घसा दाखवायला तोंड न उघडणारं मूल तपासणं फार अवघड असतं.

घरी सांगताना गोष्ट मध्येच थांबवा आणि विचारा, "आता त्याला काय वाटत असेल?" "तुला असं होतं का?" हा प्रश्न लगेच नको. मूल गोष्टीतल्या मुलाबद्दल बोलत असताना पुष्कळदा स्वतःबद्दलच बोलत असतं. तिथे त्याला पकडलं की ते गप्प होतं.

मूल काही बोललंच तर

चार लोकांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. "असं काही नसते" म्हणून उडवूही नका. ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, आणि कुणाला सांगणं गरजेचं आहे तेही त्याला सांगा. सगळं गुपित ठेवीन असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. कुणी नको तिथे हात लावल्याचं मुलाने सांगितलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही आणि डॉक्टरलाही. खरं-खोटं आपण तपासत बसायचं नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. घरातलं कुणी खचलेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धोका आत्ताच वाटत असेल तर फोनवर थांबू नका. त्या माणसाला एकटं न सोडता जवळच्या रुग्णालयात घेऊन जा.

पोटदुखी "मनाची" म्हणून सोडून देऊ नये, ती कधी?

दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल किंवा उंची वाढत नसेल, ताप असेल, उलटी हिरवी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, लघवीला जळजळ असेल, किंवा दुखणं बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली असेल, तर आधी डॉक्टर. गोष्ट नंतर. बेंबीभोवती, सकाळी, शाळेच्या दिवशी दुखत असेल आणि यातलं काहीच नसेल, तरीही एकदा तपासून घ्या. तपासण्या ठीक आल्या तर त्याच पुन्हा पुन्हा करू नका. दर वेळी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवलं की आपल्या पोटात काहीतरी मोठं बिघडलंय, अशी मुलाची खात्री पटत जाते.

दवाखान्यात येताना दोन आठवड्यांची साधी नोंद आणा: कोणत्या दिवशी दुखलं, किती वाजता, त्या दिवशी शाळा होती का, घरात काय चाललं होतं. आणि पाचेक मिनिटं मुलाला माझ्याशी स्वतः बोलू द्या. आजी, तुम्ही खोलीतच बसा, फक्त उत्तर तेवढं देऊ नका.