सिस्टर, हातमोजे बदललेत ना?

आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी. हातात डबा, फाइल आणि चादर. माझ्या मावसबहिणीचं गेली तीन वर्षं हेच चाललंय. तिच्या यजमानांचं डायलिसिस असतं. मशीन सुरू झालं की चार तास ती बाहेरच्या बाकावर. तिच्यासारख्या आणखी चार-पाच जणी असतात. कुणी भाजी निवडते, कुणी पोथी वाचते. एकमेकींची सुखदुःखं आता पाठ झालीत.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, ह्यांच्या रक्तात सी टाइपची कावीळ निघाली गं. हे तर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. मग हे आलं कुठून?" तोवर घरात सासूबाईंनी ह्यांचं ताट-वाटी वेगळं केलेलं होतं.

मैत्रिणींनो, हेपॅटायटिस सी हा लिव्हरचा आजार व्यसनानेच होतो असं नाही. त्याचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. डोळे पिवळे होतीलच असंही नाही. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि आत लिव्हर खराब होत राहतं. बी प्रकारच्या काविळीवर लस आहे, सी वर अजून नाही. म्हणून काळजी हीच लस.

डायलिसिसमध्ये धोका जास्त, कारण तिथे प्रत्येक वेळी रक्त शरीराबाहेर काढून, गाळून परत आत सोडतात. एका खोलीत अनेक खाटा, एक पेशंट उठला की दुसरा हजर, कर्मचाऱ्यांची धावपळ. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही लागण व्हायला पुरतो. तो खाटेच्या दांडीवर, मशीनच्या बटणावर वाळला तरी विषाणू कित्येक दिवस टिकू शकतो. तिथे लागलेला हात न धुता पुढच्या रुग्णाच्या सुईला लागला, की झालं!

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २०१४ आणि २०१५ मध्ये आठ राज्यांतल्या १९ डायलिसिस केंद्रांतून नव्या लागणीच्या ३६ नोंदी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेकडे आल्या. चूक कुठे सापडली? हात धुण्यात, इंजेक्शन देण्यात, साफसफाईत. अगदी साध्या गोष्टींत. जानेवारी २०१६ मध्ये या संस्थेने सगळ्या केंद्रांना सावध केलं.

मग आपण काय बघायचं?

• एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलतात का? आणि मोजे काढल्यावर हात धुतात का?
• रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनचं इंजेक्शन वेगळ्या, स्वच्छ टेबलावर भरतात का? औषधाची बाटली किंवा ट्रे खाटेखाटेवर फिरता कामा नये. सुई आणि सिरिंज दर वेळी नवी हवी.
• आधीचा रुग्ण उठल्यावर खाट, मशीन, टेबल जंतुनाशकाने पुसतात का?
• डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारं नळकांडं, धुऊन पुन्हा वापरत असतील, तर त्यावर आपल्याच माणसाचं नाव आहे ना?
• सी ची रक्ततपासणी सुरुवातीला आणि नंतर दर सहा महिन्यांनी होते का? रिपोर्ट फाइलला लावून ठेवा.

काही ठिकाणी सी पॉझिटिव्ह रुग्णांसाठी मशीन वेगळं ठेवतात. पण मशीन वेगळं आणि हात तेच, तर उपयोग काय?

"विचारलं तर सिस्टर रागावतील," असं बहीण म्हणायची. खरंय, त्यांच्यावर कामाचा भार असतो. म्हणून भांडायचं नाही. "सिस्टर, हातमोजे बदललेत ना?" एवढंच हसून विचारायचं. लागण त्यांनाही होऊ शकते, तेव्हा काळजी त्यांचीही आहे. आपल्याला आत जाऊ देत नसतील, तर रुग्णाला सांगून ठेवायचं. तो तर चार तास तिथेच असतो.

आणि लागण झालीच, तर हातपाय गाळू नका. आता यावर गोळ्या आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स पुरतो, शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. डायलिसिसवरच्या रुग्णालाही त्या देता येतात. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बरं झाल्यावरही अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्हच येते, तेव्हा घाबरू नका. विषाणू उरलाय का, ते आरएनए तपासणीत कळतं. आणि हो, एकदा बरं झालं तरी पुन्हा लागण होऊ शकते. काळजी सोडायची नाही.

घरात ताट वेगळं करायची काहीच गरज नाही. एकत्र जेवल्याने, जवळ बसल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर तेवढं ज्याचं त्याचं वेगळं ठेवा.

बहिणीच्या यजमानांना लागण नेमकी कुठून झाली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, रक्तात विषाणू उरला नाही. सासूबाईंनी ताट पुन्हा पंगतीत घेतलं. आणि बाकावरच्या त्या चार-पाच जणी? त्या भाजी निवडतातच. पण आत जाताना आता प्रत्येक जण तोच एक प्रश्न विचारते. परवा एक सिस्टर हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही विचारायच्या आधीच बदलले!"