काजळी धरणारा तारा

ताऱ्यांचं अंतरंग : लेखांक ७

मे-जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारास मान वर केली की केशरी स्वाती चटकन ओळखू येते. तिच्या पूर्वेला, थोड्याच अंतरावर, सहा-सात मंद ताऱ्यांची एक कमान दिसते. फुटलेल्या बांगडीचा अर्धा तुकडा ठेवावा तशी. हा उत्तर मुकुट. त्या कमानीच्या आत सहाव्या प्रतीचा एक तारा आहे. अगदी अंधाऱ्या गावी तो नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसतो, शहरातून पाहायचा तर द्विनेत्री लागते. त्याचं नाव ‘आर कोरोना बोरियालिस’. आपण त्याला ‘आर-मुकुट’ म्हणू.

१७९५ मध्ये एडवर्ड पिगॉट या इंग्रज निरीक्षकाच्या लक्षात आलं, की हा तारा मधूनच दिसेनासा होतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे तो आपल्या जागी शांत तेवत असतो आणि मग काही आठवड्यांत चौदाव्या प्रतीपर्यंत खाली येतो, म्हणजे हजार-दीड हजार पटींनी मंद होतो. २००७ मध्ये तो असा मावळला आणि पूर्ववत व्हायला त्याला कित्येक वर्षं लागली. कारण आज माहीत आहे. हा तारा कार्बनची धूळ बाहेर टाकतो, आणि तो ढग नेमका आपल्या दिशेला आला की कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसा त्याचा प्रकाश अडतो.

इतका कार्बन त्याच्याकडे आला कुठून? त्यासाठी हा तारा कशाचा बनला आहे, हे मोजावं लागतं. ताऱ्यातली मूलद्रव्यं मोजतात तरी कशी, हाच आजच्या लेखाचा विषय.

हिंगाचा वास आणि आमटी

मागच्या लेखात आपण वर्णपट पाहिला. ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागला की त्यात काळ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात, हे किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ मध्ये दाखवलं. त्यामुळे ताऱ्यात काय आहे, हे कळू लागलं. किती आहे, हे कळायला मात्र आणखी पासष्ट वर्षं गेली.

सूर्याच्या वर्णपटात सगळ्यात ठळक रेषा कॅल्शियमच्या आहेत. लोखंडाच्या रेषा तर हजारोंनी आहेत. म्हणून सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखीच असणार, असं त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ मानत होते. यातली चूक आपल्या स्वयंपाकघरात सहज समजते. आमटीत हिंग चिमूटभरच असतो, पण दारात पाऊल टाकताच पहिला वास त्याचाच येतो. म्हणून आमटीत डाळीपेक्षा हिंग जास्त, असं कुणी म्हणत नाही.

कोणतं मूलद्रव्य कोणत्या तापमानाला किती ठळक दिसेल, याचं गणित १९२० मध्ये मेघनाद साहांनी दिलं. तापमान वाढलं की अणूतले इलेक्ट्रॉन सुटू लागतात. त्याला आयनीभवन म्हणतात. साहांच्या समीकरणात तापमान आणि दाब घातले की किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटले असतील, ते मिळतं. आता हायड्रोजनकडे पाहा. त्याची दृश्य प्रकाशातली रेषा उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन आधीच ऊर्जेच्या दुसऱ्या पायरीवर चढलेला असावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५७७० केल्विन आहे. तिथे वीस कोटी हायड्रोजन अणूंमागे असा जेमतेम एक अणू सापडतो. बाकीचे सगळे असूनही त्या रेषेत दिसत नाहीत.

हे गणित शेकडो ताऱ्यांच्या वर्णपटांना लावून पाहिलं ते सेसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या तरुणीने. १९२५ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत पूर्ण केलेल्या प्रबंधात तिला आढळलं, की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन हा धातूंच्या लाखो पटींनी जास्त आहे. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञाला हे अशक्य वाटलं. त्याच्या सांगण्यावरून तिने हा आकडा बहुधा खरा नसावा, असं प्रबंधात लिहिलं. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराशी पोचला. आज आपण सूर्याच्या वस्तुमानात सुमारे ७४ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम धरतो. कॅल्शियम आणि लोखंडासकट उरलेलं सगळं दोन टक्क्यांच्या आत बसतं.

पेनच्या प्रबंधाने घालून दिलेला नियम आजही मोडता येत नाही. रेषेचा ठळकपणा म्हणजे मूलद्रव्याचं प्रमाण नव्हे. आधी ताऱ्याचं तापमान आणि दाब ठरवायचा, मगच प्रमाणाला हात घालायचा.

लोखंडाला तीन प्रश्न

प्रत्यक्षात हे काम लोखंडावर चालतं. लोखंडाच्या रेषा मुबलक आहेत आणि त्या नाना प्रकारच्या आहेत, म्हणून.

पहिला प्रश्न तापमानाचा. लोखंडाच्या काही रेषा खालच्या पायरीवरच्या इलेक्ट्रॉनमुळे उमटतात, काही वरच्या पायरीवरच्या. तापमानाचा एक अंदाज धरायचा आणि प्रत्येक रेषेवरून लोखंडाचं प्रमाण काढायचं. खालच्या पायरीच्या रेषा एक आकडा देत असतील आणि वरच्या पायरीच्या दुसरा, तर तापमान चुकलं. दोन्हींचं उत्तर एक येईपर्यंत तापमान बदलत राहायचं.

दुसरा प्रश्न गुरुत्वाचा. ताऱ्याच्या पृष्ठभागावर गुरुत्व कमी असेल तर तिथला वायू विरळ असतो. विरळ वायूत सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा अणूला सहजी भेटत नाही, त्यामुळे आयनीभूत लोखंडाच्या रेषा बळावतात. साध्या लोखंडाच्या आणि आयनीभूत लोखंडाच्या रेषांनी सारखंच प्रमाण दाखवलं, की गुरुत्व बरोबर बसलं.

तिसरा प्रश्न वायूच्या खळबळीचा. पांढरं कापड रंगात एकदा बुडवलं की रंग चढतो. दहाव्यांदा बुडवलं तर फारसं काही होत नाही. रेषांचंही तसंच आहे. बारीक रेषा अणूंच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, पण एकदा ती गडद झाली की आणखी अणू घातले तरी फारशी वाढत नाही. वायूतले झोत वेगवेगळ्या वेगांनी जात असतील तर मात्र रेषा पसरते आणि तिला आणखी प्रकाश गिळता येतो. म्हणून बारीक आणि गडद रेषा एकच आकडा देतील, असा खळबळीचा वेग शोधावा लागतो.

आर-मुकुटाला हे प्रश्न विचारले तर तापमान सुमारे ६७५० केल्विन येतं, म्हणजे सूर्यापेक्षा थोडं जास्तच. गुरुत्व मात्र पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या सुमारे तीनशेवा भाग. एक मीटर उंचीवरून सोडलेला आंबा इथे अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. तेवढ्या गुरुत्वात त्याला आठ सेकंद लागतील. अशा ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याहून थोडं कमीच धरलं जातं. त्या वस्तुमानाला एवढं क्षीण गुरुत्व हवं तर त्रिज्या सूर्याच्या ऐंशी-नव्वद पट असावी लागते. ही त्रिज्या आणि हे तापमान एकत्र केलं की दीप्ती दहा हजार सूर्यांच्या घरात जाते. वस्तुमान सूर्याएवढंही नाही आणि उजेड दहा हजार सूर्यांचा. हे सगळं लोखंडाच्या रेषांची तोंडमिळवणी करता करता हाती आलं.

जे दिसत नाही त्याची नोंद

आता मूळ गोष्ट. साहांचं गणित सांगतं, की ६७५० केल्विनला हायड्रोजनच्या रेषा चांगल्या ठळक दिसायला हव्यात. जवळपास त्याच तापमानाच्या प्रश्वा ताऱ्यात त्या दिसतातही. आर-मुकुटात मात्र त्या जवळजवळ नाहीत. १९०६ मध्ये लुडेनडॉर्फ यांनी हायड्रोजनची एक नेहमीची रेषा गायब असल्याचं नोंदवलं होतं. पण तेव्हा साहांचं समीकरण नव्हतं. त्यामुळे हायड्रोजन नाही की तो फक्त दिसत नाही, हे ठरवण्याचं साधनही नव्हतं. १९३५ मध्ये लुई बर्मन यांनी पूर्ण विश्लेषण केलं आणि या ताऱ्यात हायड्रोजन फार थोडा, कार्बन मात्र भरपूर असल्याचं दाखवलं. आजच्या मोजणीप्रमाणे इथला हायड्रोजन सूर्याच्या मानाने सुमारे लाखपट कमी आहे. उरलेला बहुतेक सगळा हेलियम.

हायड्रोजन गेला की पुढचं मोजमापही बदलतं. ताऱ्यात आपल्याला किती खोलवर दिसतं, हे तिथल्या वायूच्या धुक्यावर अवलंबून असतं. सूर्यात हे धुकं एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेल्या हायड्रोजन अणूंचं असतं. पावसाळ्यात घाटात धुकं विरळ झालं की दरीतली झाडं एकाएकी जास्त दिसू लागतात. झाडं तेवढीच असतात, आपली नजर खोल जाते. आर-मुकुटात हायड्रोजनचं धुकं नाही. हेलियम या तापमानाला जवळजवळ पारदर्शक असतो. मग धुकं धरतो तो कार्बन.

इथे एक सुरेख पेच उभा राहतो. कार्बनच्या रेषाही कार्बनच्याच आणि धुकंही कार्बनचंच. कार्बन वाढवला तर रेषा गडद व्हायला हवी, पण त्याच प्रमाणात धुकंही दाटतं, आणि रेषा होती तशीच राहते. म्हणजे आर-मुकुटाच्या कुळातल्या, त्याच्यासारख्याच ताऱ्यांत कार्बन कमी असो वा जास्त, त्याच्या रेषा जवळपास सारख्याच दिसायला हव्यात. निरीक्षणात त्या तशा सारख्या दिसतातही. गणिताचं हे यश मोठं आहे. पण या रेषा गणिताने सांगितल्यापेक्षा फिक्या आहेत. त्यांच्यावरून काढलेलं कार्बनचं प्रमाण गणितात धरलेल्या प्रमाणाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकंच येतं.

मार्टिन आस्प्लुंड, बेंग्ट गुस्ताफसन, डेव्हिड लँबर्ट आणि आपले एन. कामेश्वर राव यांनी २००० मध्ये या कुळातल्या ताऱ्यांचं विस्तृत विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात ही विसंगती त्यांनी ‘कार्बनचा प्रश्न’ म्हणून स्पष्ट मांडली. दोष बहुधा ताऱ्याच्या वातावरणाच्या गणिती प्रतिकृतीत असावा. विरळ, खळबळत्या, उजळ ताऱ्यांत तापमान थराथराने कसं बदलतं, हे आपलं गणित पुरतं पकडत नाही. मला या शोधनिबंधाचं मोल फार वाटतं. चार मूलद्रव्यांचे आकडे जुळले म्हणून पाचव्याकडे कानाडोळा करणं सोपं होतं. त्यांनी तसं न करता न जुळणारा आकडाच पुढे ठेवला.

पुणे ते कावलूर

कामेश्वर राव बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे. तमिळनाडूत कावलूरला या संस्थेची २.३ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण आहे. १९८६ मध्ये तिचं काम सुरू झालं. या संस्थेच्या वंशवेलीत पुण्याचाही एक धागा आहे. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. वर्णपटांचा अभ्यास हेच तिचं मुख्य काम होतं. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालची वेधशाळाच पुढे या संस्थेत वाढली.

याच संस्थेतले गजेंद्र पांडे यांनी लँबर्ट आणि राव यांच्याबरोबर २००८ मध्ये या कुळातल्या ताऱ्यांत फ्लोरिन शोधला. काही ताऱ्यांत तो मुळात असेल त्याच्या ८०० ते ८००० पट निघाला. फ्लोरिन हे नाजूक मूलद्रव्य आहे. ताऱ्याच्या पोटात ते सहज बनत नाही आणि बनलं तरी लगेच खर्ची पडतं. म्हणून त्याचा एवढा साठा जन्मकथेचा पुरावा ठरतो.

जन्माच्या दोन कथा स्पर्धेत होत्या. पहिलीप्रमाणे विझत आलेला एकटा तारा शेवटचा भडका घेतो आणि पुन्हा फुगतो. दुसरीप्रमाणे दोन श्वेत बटू, म्हणजे दोन ताऱ्यांचे उरलेले गाभे, एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि एकात मिसळतात. एक असतो हेलियमचा, दुसरा कार्बन-ऑक्सिजनचा. शेवटच्या भडक्याचं जिवंत उदाहरण १९९६ मध्ये जपानी हौशी निरीक्षक युकिओ सकुराई यांनी शोधलेल्या ताऱ्यात मिळालं होतं. त्याच्या वर्णपटात फ्लोरिनच्या रेषा सापडल्या नाहीत.

दुसरा पुरावा ऑक्सिजनचा. सूर्यमालेत ऑक्सिजन-१६ च्या सुमारे पाचशे अणूंमागे ऑक्सिजन-१८ चा एक अणू असतो. जेफ्री क्लेटन आणि सहकाऱ्यांनी याच कुळातल्या थंड ताऱ्यांतला कार्बन मोनॉक्साइड अवरक्त प्रकाशात तपासला. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा काही ताऱ्यांत हे दोन्ही ऑक्सिजन जवळपास बरोबरीने आहेत. एकट्या ताऱ्याच्या शेवटच्या भडक्यात असं होत नाही. दोन गाभे मिसळताना हेलियम तापतो आणि तिथे ते होऊ शकतं. म्हणून आज पारडं दुसऱ्या कथेकडे झुकलेलं आहे. हायड्रोजन तर दोन्ही गाभ्यांनी आधीच संपवलेला होता. आर-मुकुटात तो दिसत नाही, याचं कारण ते आहे.

या जूनमध्ये पावसाळी ढग येण्याआधी एखाद्या रात्री द्विनेत्री घेऊन उत्तर मुकुटाच्या कमानीत जरूर पाहा. तारा दिसला तर वहीत तारीख, वेळ आणि शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेतली त्याची प्रत लिहा. दिसला नाही तर तेही लिहा. पिगॉटने १७९५ मध्ये तेच केलं होतं, आणि हा सगळा शोध तिथून सुरू झाला.

(पुढील आठवड्यात : कॅल्शियमच्या एका रेषेच्या रुंदीवरून ताऱ्याची खरी दीप्ती ओळखणारे वेणू बाप्पू)