हवा एक, औषध मात्र वेगळे

गेल्या पौषातली गोष्ट. एक निवृत्त शिक्षिका आपल्या यजमानांना तपासणीसाठी घेऊन आल्या होत्या. यजमान पंचाहत्तरीचे, दम्याचे जुने रुग्ण. त्यात सर्दी झालेली. तपासणी झाली, औषधे लिहून दिली. दारापर्यंत गेलेल्या बाई थबकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमची मनीही यांच्यासारखीच खोकते हो. यांची सर्दीची गोळी अर्धी करून तिला दुधातून दिली तर चालेल का?"

मी त्यांना परत बसवले. त्या गोळीत पॅरासिटामॉल होते. माणसाच्या यकृतात ते सहज निकामी होते. मांजराच्या शरीरात मात्र ते निकामी करण्याची यंत्रणा फारच दुबळी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या काळपट-निळ्या पडतात, तोंडावर सूज येते. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळीही चार किलोच्या मांजराचा प्राण घेऊ शकते. मायेपोटी विचारलेल्या त्या एका प्रश्नाने मनी वाचली. ज्यांनी विचारले नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे. पशुवैद्यकाची जागा मला घेता येणार नाही. परंतु मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर घरात उरलेल्या दोघांना किंवा एकट्या जीवाला मांजर-कुत्र्याची सोबत किती मोलाची असते, हे मी रोज पाहतो. म्हणून ओळखायचे काय, टाळायचे काय आणि दवाखान्यात न्यायचे केव्हा, एवढे आपल्यापुढे मांडतो.

मांजराचा खोकला

मांजर खोकले की "केस अडकले असतील" असे आपण म्हणतो आणि विसरतो. फरक लक्षात ठेवावा. केसांचा गोळा बाहेर पडताना मांजराचे पोट आत-बाहेर हलते, ते उमळून ओकते आणि काहीतरी बाहेर येते. दम्यात ते जमिनीसरसे दबकून बसते, मान पुढे ताणते, लागोपाठ खोकते, शेवटी काहीतरी गिळल्यासारखे करते. बाहेर काहीच पडत नाही. श्वास सोडताना कधी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हा आजार बहुधा तरुण किंवा मध्यम वयाच्या मांजरांत सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही. मनीचा दमा आजोबांना लागत नाही, आजोबांचा मनीला लागत नाही.

खोकल्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेले मांजर सहसा खोकत नाही. अशा वेळी ते अर्धे मिनिट पशुवैद्यकाला फार उपयोगी पडते.

कुत्र्याची खाज

कुत्र्याचे वेगळे आहे. माणसासारखा दमा कुत्र्यांत क्वचितच आढळतो. म्हातारा कुत्रा रात्री खोकू लागला तर ते हृदयाचे, श्वासनलिकेचे किंवा जंतांचे दुखणे असू शकते. त्याला ॲलर्जी समजून घरी बसू नये. कुत्र्याची ॲलर्जी बहुधा कातडीवर दिसते. तो पंजे सतत चाटतो, तोंड सतरंजीवर घासतो, काखा व जांघा लाल होतात, कानांतून वास येऊ लागतो. वर्षातून तीन-चार वेळा कान चिघळत असतील तर मूळ कारण ॲलर्जी आहे का, हे अवश्य विचारावे. खाज शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागावर असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. ज्याला पिसवांची ॲलर्जी आहे, त्याला थोड्याशा पिसवाही पुरतात. म्हणून "एकही दिसत नाही" यावर विसंबू नये. मात्र खरूज आणि गजकर्ण यांनीही खाज सुटते व ती माणसांना लागू शकतात. घरात आपल्यालाही खाज सुटली असेल तर ते पशुवैद्यकाला आणि आपल्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगावे.

आपल्या अंगणातली कारणे

परभणी जिल्ह्यात ही कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. पावसाळ्यापासून रस्त्याकडेला, पडीक जागेत गाजर गवत फुलते. १९५० च्या दशकात आयात गव्हाबरोबर आलेले हे तण पुण्यात प्रथम दिसले आणि आज आपल्या बांधाबांधावर आहे. त्याने माणसाच्या कातडीला होणारा त्रास मी दरवर्षी तपासतो. त्यातून फिरून आलेल्या कुत्र्याचे पंजे आणि पोटही त्यापासून सुटत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी, पुढे तुरीची. त्या भुशाची धूळ गावभर तरंगते. साठवलेल्या ज्वारीतले आणि अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे माइट बाराही महिने असतात. त्यावर चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर, देवघरातला धूप आणि रात्रभर जळणारी डासांची कॉइल. धूर आणि धूळ जमिनीलगतही साचतात, आणि मांजराचे नाक तिथेच असते.

करण्यासारख्या गोष्टी सोप्या आहेत. फिरून आल्यावर कुत्र्याचे पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. त्याचे अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. धूप घालायचाच असेल तर खिडकी उघडून, मांजर दुसऱ्या खोलीत असताना घालावा. अंघोळीला आपला साबण वापरू नये. अन्नाची शंका असेल तर पशुवैद्यक सुमारे आठ आठवडे ठरावीक आहार देऊन पाहतात. त्या काळात आजोबांनी प्रेमाने दिलेले चहात बुडवलेले एक बिस्किटही सारी परीक्षा फुकट घालवते.

हे कधीच करू नये

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा सर्दीच्या मिश्र गोळ्या कुत्र्या-मांजरांना स्वतःहून देऊ नयेत. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नये. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. लसूण-कांद्याचे काढे दोघांनाही घातक, निलगिरीचे तेल आणि कापूरही तसेच. आपला पंप उशाशी उघडा ठेवू नये. कुत्र्याने तो दातांनी फोडला तर एकदम बाहेर पडलेल्या औषधाने त्याच्या हृदयाचे ठोके धोकादायक वेगाने वाढतात.

दम्याच्या मांजराला स्टेरॉइड द्यावे लागते. ते गोळीने किंवा लहान मुखवटा व स्पेसर लावून पंपाने देता येते. पण मात्रा पशुवैद्यकच ठरवतील. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडने मांजराला मधुमेह होऊ शकतो, आणि बरे वाटले म्हणून चालू औषध एकाएकी थांबवणेही धोक्याचे.

श्वास मोजायला शिका

प्राणी गाढ झोपलेला असताना त्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. तीसच्या आत असणे ठीक. दोन-तीन वेळा मोजूनही तीसच्या वर येत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा. वैशाखात कुत्रा जीभ काढून धापतो, ते स्वाभाविक. पण मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले किंवा कोणाच्याही हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नये. तोंडात पाणी घालू नये, चादरीत घट्ट गुंडाळू नये. हवेशीर टोपलीत ठेवून शांतपणे न्यावे.

नेण्यासाठी जागा आहे. परभणीचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय १९७२ पासून आपल्याच शहरात आहे. त्याच्या चिकित्सालयात केवळ गाई-बैलच पाहतात, असा अनेकांचा समज आहे. तो काढून टाकावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही पुढे कुठे न्यायचे याचा सल्ला मिळतो.

बाईंची मनी तिथेच तपासली गेली. दमाच निघाला. तिची झोपण्याची जागा यजमानांच्या खाटेखाली होती, आणि कॉइलही तिथेच जळत असे. कॉइल बंद झाली, मनीला तिचे औषध सुरू झाले. पुढच्या भेटीत यजमानांचा रात्रीचा खोकलाही कमी झालेला आढळला. आता बाईंच्या वहीत दोन रकाने आहेत. एकात यजमानांनी पंप घेतल्याची वेळ, दुसऱ्यात मनीचे झोपेतले श्वास. मागच्या वेळी त्या वही घेऊनच आल्या. मनीच्या रकान्यात चोवीस, सव्वीस, चोवीस असे आकडे होते. यजमानांच्या रकान्यात मात्र दोन दिवस कोरे होते, आणि त्याबद्दल मला त्यांना रागवावे लागले.