रस्त्यात गाडी बंद पडली तर

समजा, रात्रीचे अकरा वाजले आहेत. लग्नाचे वऱ्हाड घेऊन तुम्ही महामार्गाने गावी परत निघाला आहात, आणि गाडीने दोन आचके दिले अन् ती बंद पडली. अशा वेळी आपली रीत ठरलेली आहे: सगळ्यांनी खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि भोवती कोंडाळे करून ज्याने त्याने आपली अक्कल पाजळायची. एवढे मात्र करू नका.

कारण खरा धोका इंजिनात नाही. तो मागून येणाऱ्या वाहनात आहे. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. पुढची गाडी उभी आहे हे उमगायला चालकाला तीन सेकंद लागले, तर तोवर तो ऐंशी मीटरांहून अधिक पुढे आलेला असतो, आणि ब्रेक लावायचा अजून बाकीच असतो! म्हणून गाडी गडगडत आहे तोवरच ती डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण पन्नास पावले, जमल्यास त्याहून मागे ठेवा. पोरेबाळे, म्हातारी माणसे डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्या. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभे राहायचे नाही.

आता फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. समृद्धीसारख्या राज्याच्या मार्गावर तिथल्या फलकावरचा क्रमांक लावा. कोणी जखमी असेल तर ११२. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कुठे आहात?" आणि इथेच आपली गाडी दुसऱ्यांदा अडते. "एक ढाबा गेला, त्याच्या पुढं" हे काही उत्तर नव्हे. रस्त्याकडेचा मैलाचा दगड पाहा (किलोमीटर आले तरी आपण त्याला मैलाचाच म्हणतो). डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग. दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला २, ४, ६, ८ असे लहान दगड असतात. तो आकडा आणि आपण कुठल्या दिशेला निघालो आहोत ते सांगा. शिक्षकमंडळींनी हे दगड मुलांना एकदा दाखवावेत.

मदतनीस आला की पंक्चर काढतो, थोडे इंधन देतो, उतरलेल्या बॅटरीला दुसरीचा जोर देतो. लाल तार तो धनाला धन अशी जोडतो. काळीचे शेवटचे टोक मात्र बंद बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावतो. का? बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो, आणि ठिणगी त्याच्याजवळ पडू नये. विजेवरच्या किंवा आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या दोराने ओढत नाहीत. सपाट ट्रकवर चढवून नेतात.

हा धंदा जन्मला मोठा गमतीने. १९०५ साली इंग्लंडात मोटारवाल्यांची एक संघटना निघाली, ती पोलिसांच्या वेगतपासणीची आगाऊ खबर द्यायला! सायकलवरची तिची माणसे सभासदाला सलाम ठोकत. सलाम आला नाही, की समजावे पुढे पोलीस आहेत. हत्यारांची पेटी त्यांच्याकडे नंतर आली. मुंबईत अशी संघटना १९१९ साली स्थापन झाली.

आज ही सेवा विम्यासोबत जादा पैसे भरूनही मिळते. घेताना गाडी किती किलोमीटर फुकट ओढून नेतील ते वाचा, आणि त्यांचा क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवा. मोबाइलची बॅटरीही उतरते.