वस्तीपर्यंतचं विद्यापीठ – भाग ६ : फील्डवर्कची वही

शिक्षण, युवक विकास आणि सामाजिक बदल हे विषय विद्यापीठात वर्गामध्ये कसे शिकवले जातात, ते मागच्या दोन भागांत आपण पाहिलं. जोतीराव फुले, नई तालीम, ब्राझीलचे पाउलो फ्रेअरी हे सगळं वाचून झालं की विद्यार्थ्याला एक पत्ता हातात दिला जातो आणि सांगितलं जातं, उद्यापासून इथे जायचं. तिथून पुढचं शिक्षण हा आजचा विषय.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्याचे आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर जातात. कुणाला वस्ती मिळते, कुणाला सरकारी रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, कुणाला बालगृह, कुणाला महापालिकेची शाळा. विद्यार्थी या सगळ्याला सरसकट ‘एजन्सी’ म्हणतात. अभ्यासक्रम संपताना महिनाभराची सलग ‘ब्लॉक प्लेसमेंट’ असते. बाहेरून पाहणाऱ्याला हे प्रात्यक्षिक वाटतं. आधी थिअरी, मग तिचा वापर. इतिहास मात्र उलट्या क्रमाने घडला आहे.

१८८४ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात टॉयन्बी हॉल उभा राहिला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरिबांच्या मोहल्ल्यात येऊन राहावं, शेजारी म्हणून जगावं, ही त्यामागची कल्पना. ती पाहून जेन अ‍ॅडम्स अमेरिकेत परतल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी एलन गेट्स स्टार यांच्याबरोबर शिकागोत हल हाउस सुरू केलं. मुंबईत हीच वाट अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी आणली. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात १९२०च्या दशकात त्यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उघडलं. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९३६ मध्ये भारतातली समाजकार्याची पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था सुरू झाली ती याच इमारतीत. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. देवनारचा परिसर नंतरचा, अभिमत विद्यापीठाचा दर्जा तर १९६४ चा. आधी शेजार होता, मग शाळा आली, विद्यापीठ सर्वांत शेवटी. फील्डवर्ककडे अभ्यासक्रमाचं शेपूट म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यास मंडळाने हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

नुसतं वस्तीत जाऊन कुणी शिकत नाही. जाऊन आल्यावर लिहावं लागतं, लिहिलेलं कुणीतरी वाचावं लागतं आणि वाचून प्रश्न विचारावे लागतात. या साखळीतली मधली कडी म्हणजे फील्डवर्कची वही. काही ठिकाणी आता टाइप केलेला रिपोर्ट असतो, पण काम तेच. कुणाला भेटलो, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, त्या वेळी मला काय वाटलं, हे सगळं त्यात जसंच्या तसं उतरवायचं असतं. आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक शिक्षकाबरोबर बैठक होते. एकट्याची ‘आयसी’, गटाची ‘जीसी’.

एक नमुना घेऊ. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी वहीत लिहिते, ‘महिलांची बैठक बोलावली होती. तीनच जणी आल्या. वस्तीतल्या महिला आरोग्याबाबत उदासीन आहेत.’ पर्यवेक्षक बाई ‘उदासीन’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढतात आणि समासात लिहितात, ‘बैठक किती वाजता?’ चार वाजता. ‘नळाला पाणी किती वाजता येतं?’ ते हिने विचारलेलंच नसतं. पुढच्या खेपेला ती विचारते. पाणी साडेतीन ते पाच. ज्या तिघी आल्या, त्यांच्या घरी पाणी भरायला सुना होत्या.

इथे विद्यार्थिनी बरंच काही शिकली. वेळापत्रक कुणाच्या सोयीचं होतं हे तिला दिसलं. आपण लिहिलेलं वाक्य निरीक्षण नव्हतं, निकाल होता, हेही कळलं. आणि ज्या सुना आल्या नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायचं तर सासवांच्या बैठका घेऊन भागणार नाही, हा धडा तर कुठल्याच पुस्तकाने तिला इतक्या नेमकेपणाने दिला नसता. समासातल्या एका प्रश्नाने हे घडवलं. म्हणून या अभ्यासक्रमांचा दर्जा ठरवताना मी आधी पाहीन की वह्या तपासल्या जातात का, आणि एका शिक्षकाकडे किती वह्या आहेत.

युवक विकासाच्या अभ्यासात तर वहीचा हा आरसा आणखी जवळ येतो. युवक म्हणजे कोण, याचं उत्तर सरकारी कागदावरही स्थिर नाही. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात हे वय १३ ते ३५ होतं, २०१४ च्या धोरणात १५ ते २९ झालं. शिकायला आलेला विद्यार्थी एकवीस वर्षांचा आणि नाक्यावर उभा असलेला, बारावीनंतर शिक्षण सुटलेला मुलगाही एकवीसचाच. दोघंही एकाच व्याख्येतले. मात्र एकाच्या हातात प्रश्नावली आहे आणि दुसऱ्याने उत्तरं द्यायची आहेत. ‘तुमचं हे झाल्यावर तुम्हाला काय नोकरी लागणार?’ असं तो मुलगा उलट विचारतो तेव्हा विद्यार्थी गडबडतो. ही गडबड मोलाची आहे. ती वहीत उतरली पाहिजे आणि तिच्यावर आयसीत बोललं गेलं पाहिजे.

आता हे सगळं एमएसडब्ल्यूपुरतं उरलेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर, हा तिचा साचा महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयीन घरांना माहीत आहे. या शिबिरांनी शहरातल्या कितीतरी मुलांना पहिल्यांदा गाव दाखवलं, हे ऋण मोठं आहे. पण एका युनिटमध्ये स्वयंसेवक साधारण शंभर आणि कार्यक्रम अधिकारी एक. तोही एरवी भौतिकशास्त्र किंवा मराठी शिकवणारा. शंभर वह्या तो कधी वाचणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या प्रत्येक शाखेत समाजसहभागाला आणि क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात ३० तास, दोन श्रेयांकांचे ६०. वाणिज्य शाखेच्या मुलाने ६० तास खरोखर एका वस्तीत घालवले, तर बचतगटाच्या हिशेबाच्या वहीवरून तो जे शिकेल ते फार मोठं असेल. मला या तरतुदीबद्दल मनापासून आशा वाटते. धास्तीही तितकीच वाटते, कारण तास मोजणं सोपं आहे आणि तपासणीच्या फाइलला जिओटॅग केलेला फोटो पुरतो. झाडू हातात घेतलेल्या वीस मुलांचा फोटो, सरपंचांच्या सहीचं पत्र, आणि श्रेयांक जमा. विद्यार्थ्याने काय पाहिलं, काय चुकीचं समजला, हे विचारायला कुणी बसलेलंच नाही.

त्यावरचा उपाय खर्चिक आहे, आणि तो खर्च महाविद्यालयांनी करायलाच हवा. आयसीचे तास शिक्षकाच्या कार्यभारात अधिकृतपणे धरले जावेत. दरवर्षी नवं गाव शोधण्याऐवजी एकाच वस्तीशी पाच-सात वर्षांचं नातं ठेवावं, म्हणजे या वर्षीची तुकडी मागच्या तुकडीच्या वह्या वाचून आत पाऊल टाकेल. आणि जिथे समाजकार्य महाविद्यालय जवळ आहे, मुंबईत निर्मला निकेतन असो की पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, तिथल्या पर्यवेक्षकांकडून बाकीच्या शाखांच्या प्राध्यापकांनी वही कशी तपासायची ते शिकून घ्यावं. अनेक दशकांचं हे कौशल्य आपल्याच गावात पडून आहे.

वस्तीच्या बाजूने मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो. मार्च आला की परीक्षा येते, विद्यार्थी निरोप घेतात, आणि जुलैत नवी मुलं त्याच दारात तेच प्रश्न घेऊन उभी राहतात. लोकांनी दर वर्षी नव्याने आपलं घर, आजार, उत्पन्न उलगडून सांगायचं, ते कुणाच्या भल्यासाठी? त्यांची संमती कोण घेतं, आणि त्यांनी नको म्हटलं तर काय होतं? त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.