वॉर्डातल्या काळजीची चाळीस वर्षं

पूर्णा जंक्शनवरून एक लाईन नांदेडला जाते, एक परभणीला, तिसरी हिंगोलीमार्गे अकोल्याला. तीन दिशांना रेल्वे असलेल्या या गावातून मनाच्या आजारासाठी जायचं कुठे, हा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. राज्याची मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नव्हतं. एवढ्या लांब कोण नेणार? नैराश्याचा रुग्ण ‘अशक्तपणा’ म्हणून जनरल वॉर्डात सलाईन लावून पडायचा आणि तसाच घरी परतायचा.

1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 1996 पासून तो जिल्हा पातळीवर उतरू लागला: जिल्हा रुग्णालयात दहा खाटा, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स. लोक खाटांचं आणि गोळ्यांचं बोलतात, पण माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं काय, तर रुग्णाशी बोलायला पगारी माणूस नेमला गेला.

त्याची गरज वॉर्डात रात्र काढल्यावर कळते. नैराश्याच्या रुग्णाला झोप नसते, छातीत धडधडतं, पहाटे तीन-चारलाच जाग येते. खाटेखाली सतरंजीवर बायको झोपलेली, उशाशी केसपेपर, आणि डोक्यात एकच चक्र: घरी म्हशीचं कोण बघतंय, सोसायटीचा हप्ता कसा भरायचा, गावात कळलं तर पोरीच्या सोयरिकीचं काय? यातली बरीचशी काळजी खरी असते. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हटल्याने ती जात नाही. समाजसेवकाने भावाला फोन लावून म्हशीची सोय लावली, तर तेवढी जाते.

दुसरी काळजी औषधाची. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला काहींना बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटते. हे आधी कुणी सांगितलं नाही, की माणूस घाबरतो आणि पाचव्या दिवशी गोळी टाकून देतो. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यावर किती उपचार तरले असतील!

2015 च्या दुष्काळात सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन झोप, भूक, मनात येणारे विचार विचारू लागल्या. 104 या हेल्पलाइनवर समुपदेशन मिळू लागलं. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्प गावातल्याच माणसांना तयार करत होता. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतही डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना लहानलहान कामांकडे परत वळवलं; 2017 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात नैराश्याची तीव्रता खरोखर कमी झालेली दिसली.

2017 च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने एक जुनं भय हलकं केलं. विषारी औषध पिऊन दाखल झालेल्या माणसाला नळी, सलाईन, उलट्या यांच्यासोबत पोलीस केसचीही धास्ती असे. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आता कायदा धरून चालतो, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. ही गोष्ट शुद्धीवर आल्याबरोबर रुग्णाच्या कानावर घालायला हवी. नातेवाइकांच्याही.

कोविडच्या दिवसांत खाटेखालची सतरंजी गेली. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, आणि सोबतीचं माणूस हाही उपचारच असतो, हे तेव्हा ठळकपणे दिसलं. 10 ऑक्टोबर 2022 ला ‘टेलि-मानस’ ही फोनवरची समुपदेशन सेवा सुरू झाली. 14416 वर रात्री-बेरात्री मराठीत बोलता येतं.

तरीही डिस्चार्जनंतरचा महिना अजून मोकळाच आहे. हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि पुढची तारीख नेमकी पेरणीत. मजुरी बुडवून, भाडं खर्चून पुन्हा परभणी किंवा नांदेड गाठायचं, तर ती तारीख चुकते आणि गोळ्या संपतात. त्या गोळ्या आणि महिन्यातून एकदा समुपदेशक, एवढं पूर्णेच्या ग्रामीण रुग्णालयातच, ठरलेल्या वारी आणि कायमचं मिळायला हवं.