भाच्याचा तापट संगणक

देवासजवळच्या टोंकखुर्दला अक्काकडे गेलो, तर भाचा रडवेला. शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून त्याने स्वतः जोडलेला गेमिंगचा संगणक दहा मिनिटांत बंद पडे. दाजी म्हणत, "विकून टाक."

आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयामुळे देवासला गेले, ते तिथल्या कोरड्या हवेसाठी. मे महिन्यात तीच हवा यंत्राला मात्र सोसत नाही.

तापमान पाहिलं: ९८ अंश! शंभरीच्या आसपास प्रोसेसर आधी मंदावतो, मग स्वतःला वाचवायला बंद होतो. कूलर उतरवला, तर तळाची पारदर्शक पट्टी तशीच! ती सोलली, प्रोसेसर पुसून वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावली, जाळीवरची धूळ झाडली. पारा ६५ वर.

रात्री अक्का हाका मारून दमली, "साकु, जेवायला या!" खेळत दाजीच बसले होते.